परवानगीची चौकट : एक परीक्षण

पुस्तकाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, पाठ्यपुस्तकाचे तर करावेच. पण संगणकाच्या पडद्यावर दोन-चार सेकंद दिसून नाहीशा होणाऱ्या एका चौकटीचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. या चौकटीत दोन-तीन ओळींचा मजकूर असतो आणि खाली दोन बटणे असतात, एक होकाराचे व एक नकाराचे. मजकूर कोणी वाचत नाही, होकाराचे बटण मात्र जवळजवळ सगळेच दाबतात. आपल्या शाळांत हे बटण दाबणारा बोटाचा मालक बहुतेकदा शिक्षक असतो आणि त्या होकारात वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांची माहिती गुंतलेली असते. म्हणून हा खटाटोप.

आधी ही चौकट येते कुठून ते पाहू. इंटरनेटवरील पाने पाहण्यासाठी आपण क्रोम, फायरफॉक्स, एज असा एखादा ब्राउझर वापरतो. या ब्राउझरला जोडता येतील अशी छोटी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. फायरफॉक्समध्ये ही सोय पहिल्यापासून होती, क्रोममध्ये २०१० पासून सर्वांसाठी आली. मराठीत टंकलेखन करून देणारे, जाहिराती अडवणारे, पीडीएफचे तुकडे करणारे, व्हिडिओ उतरवून घेणारे, इंग्रजी शब्दावर बाण नेला की अर्थ दाखवणारे अशी नाना तऱ्हेची एक्स्टेन्शन असतात. बहुतेक फुकट असतात. एखादे घ्यायचे ठरवले की ब्राउझर मध्ये येतो आणि सांगतो की या एक्स्टेन्शनला अमुक अमुक करता येईल, जोडू का? हीच आपली परवानगीची चौकट.

तीत सर्वांत जास्त वेळा भेटणारे वाक्य असे : आपण भेट द्याल त्या सर्व वेबसाइटवरील आपला सर्व डेटा वाचणे व बदलणे. वाक्य लहान आहे. त्यातला एकेक शब्द घेऊन पाहण्यासारखा आहे.

‘वाचणे’ म्हणजे काय? एक्स्टेन्शन सोबत एक यादी घेऊन येते, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. कोणत्या वेबसाइटवर काम करायचे हे त्या यादीत लिहिलेले असते. ‘सर्व’ असे लिहिले असेल तर एक्स्टेन्शनचा काही भाग ब्राउझर प्रत्येक उघडलेल्या पानाच्या आत नेऊन बसवतो. पान पडद्यावर दिसते त्यापेक्षा त्याला जास्त दिसते. पासवर्डच्या जागी आपल्याला काळे ठिपके दिसतात. ठिपक्यांमागची अक्षरे त्याला वाचता येतात. पत्त्याच्या पट्टीत ‘सुरक्षित’ अशी खूण किंवा कुलूप दिसले की आपण निश्चिंत होतो, परंतु ते कुलूप रस्त्यावरचे आहे. आपल्या संगणकापासून त्या वेबसाइटपर्यंत माहिती जाताना मध्ये कोणी वाचू नये यासाठी ती गुप्त लिपीत पाठवली जाते. एक्स्टेन्शन रस्त्यावर उभे नसते, ते घरात असते. पत्र लखोट्यात घालण्यापूर्वीच ते वाचू शकते.

‘बदलणे’ हा शब्द तर फारच थोड्या जणांच्या ध्यानात येतो. पानावरची जाहिरात काढून टाकणे हा बदल आहे आणि मराठी टंकलेखनाचे एक्स्टेन्शन रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरे घालते तोही बदलच. पण पैसे पाठवण्याच्या पानावरील खाते क्रमांक बदलणे किंवा दुव्याच्या जागी दुसरा दुवा घालणे हेही याच शब्दात बसते. शिवाय या वाक्यातले क्रियापद मराठीत ‘वाचा आणि बदला’ असे आज्ञार्थी आणले तर घोटाळा आणखी वाढतो. वाचणारी बाई समजेल की हे मलाच सांगत आहेत, बदलायचे असेल तर मी बदलीन. कर्ता कोण हेच हरवते. व्याकरण शिकवणाऱ्यांनी उदाहरण म्हणून वर्गात घ्यावे असे हे वाक्य आहे.

आता आपल्या भागात येऊ. चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन पाहा. आत जाणाऱ्याला गेटपास करावा लागतो. नाव काय, कोणाकडून आला, कोणाला भेटायचे, कोणत्या विभागात, सोबत काय आहे, किती वाजता आत गेला. बऱ्याच ठिकाणी मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. ज्याला भेटला त्या साहेबाची सही घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही आणि बाहेर पडल्याची वेळही लिहिली जाते. ठेकेदाराची माणसे असतील तर त्यांचा पास वेगळा. ठेका दुसऱ्याकडे गेला की जुना पास चालत नाही. पोरांच्या वडिलांना हे सगळे पाठ असते, कारण त्यांतले कित्येक जण रोज त्या फाटकातून आत जातात.

या गेटपासशेजारी आपली चौकट ठेवून पाहिली की तिच्यातली वैगुण्ये आपोआप दिसतात. तिच्यात ‘कशासाठी’ हा रकाना नाही. ‘किती वेळ’ हाही नाही. एकदा दिलेली परवानगी एक्स्टेन्शन काढून टाकेपर्यंत चालू राहते. वाचलेली माहिती संगणकाबाहेर जाणार की नाही, गेली तर कोणाकडे, याचा उल्लेख नाही. आणि पासधारक बदलला तर काय, याची व्यवस्था तर अगदीच तोकडी आहे.

या शेवटच्या मुद्द्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे एक्स्टेन्शन क्रोममध्ये वीस लाखांहून अधिक लोक वापरत होते. न वापरलेले टॅब झोपवून ठेवायचे आणि संगणकाची स्मृती वाचवायची, एवढेच त्याचे काम. जुन्या, धिम्या संगणकांवर ते खरोखर उपयोगी होते. मूळ कर्त्याने २०२० मध्ये ते दुसऱ्या कोणाला तरी विकले. वापरणाऱ्यांना चौकट पुन्हा दिसली नाही, कारण नव्या मालकाला नवी परवानगी मागण्याची गरजच नव्हती. जुनीच पुरेशी मोठी होती. एक्स्टेन्शन आपोआप अद्ययावत होत असतात, त्यामुळे नव्या मालकाचा नवा प्रोग्राम गुपचूप सर्वांच्या संगणकावर पोहोचला. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून दुकानातून काढले आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केले. ब्राउझरचा नियम असा आहे की अद्ययावत करताना एक्स्टेन्शनने जास्तीची परवानगी मागितली तर ते थांबते आणि वापरणाऱ्याला विचारते. नियम चांगला आहे. पण पहिल्याच दिवशी सर्व काही मागून घेणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. थोडे मागणाऱ्याला पुन्हा दारात उभे राहावे लागते, सगळे मागणारा कायमचा आत. या रचनेत कर्त्याला संयमाचे बक्षीस मिळत नाही, ही माझ्या मते तिची मोठी उणीव आहे.

माहिती बाहेर कशी जाते याचे नमुनेही पाहण्यासारखे आहेत. ‘वेब ऑफ ट्रस्ट’ हे एक्स्टेन्शन लोक घेत ते सुरक्षिततेसाठीच. कोणती वेबसाइट विश्वासार्ह आहे हे ते रंगाने दाखवी. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर या प्रसारण संस्थेच्या पत्रकारांनी दाखवून दिले की, लोक कोणकोणती पाने पाहतात याची माहिती अशा एक्स्टेन्शनमार्फत गोळा होऊन विकली जात होती. पत्रकारांनी एक खोटी कंपनी उभी केली आणि सुमारे तीस लाख जर्मन लोकांची अशी माहिती नमुना म्हणून मिळवली. नावे काढून टाकली आहेत असे विकणाऱ्यांचे म्हणणे होते. पण नुसत्या पानांच्या पत्त्यांवरून माणसे ओळखता आली. त्यांत एका पोलीस अधिकाऱ्याने भाषांतरासाठी गूगलच्या पानावर टाकलेला तपासाचा मजकूर होता, कारण तो मजकूर त्या पानाच्या पत्त्यातच उतरत असे. चाकणच्या शाळांत हिंदी, ओडिया, बांगला बोलणाऱ्या पालकांसाठी सूचना भाषांतरित करून घेणारे शिक्षक कमी नाहीत. त्यांनी या तपशिलापाशी थोडे थांबावे.

जुलै २०१९ मध्ये सॅम जदाली या संशोधकाने आठ एक्स्टेन्शनचा तपास प्रसिद्ध केला, तो ‘डेटास्पाय’ या नावाने ओळखला जातो. चित्र मोठे करून दाखवणारे, मजकूर वाचून दाखवणारे अशी ती साधी साधनेच होती. त्यांच्या मार्गाने सुमारे चाळीस लाख लोकांचे पाहिलेल्या पानांचे पत्ते बाहेर गेले आणि पैसे भरणाऱ्या कोणालाही ते पाहता येत होते. पत्ता गेला तर काय बिघडले, असे वाटेल. पण आज अनेक कागदपत्रे ‘ज्याच्याकडे दुवा त्याला उघडेल’ अशा पद्धतीने ठेवलेली असतात. तेथे पत्ता हीच किल्ली. करविवरणे, रुग्णांची नावे, मोठमोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत कामांचे मथळे असे बरेच काही त्यात सापडले. यातल्या काही एक्स्टेन्शननी बसवल्यानंतर तीन आठवड्यांहून जास्त काळ काहीच गोळा केले नाही, मग सुरुवात केली. तपासणाऱ्याने पहिल्या दिवशी पाहिले असते तर सारे आलबेल दिसले असते. वाहनांचे सुटे भाग बनवणारे भोसरी-चाकणचे छोटे कारखानदार दिवसभर मोठ्या कंपन्यांच्या पुरवठादार पोर्टलवर असतात, नकाशे आणि दर तेथेच असतात. फाटकावर कॅमेऱ्याला चिकटपट्टी लावणाऱ्यांनी ऑफिसातल्या ब्राउझरकडेही पाहायला हवे, पण तो विषय या मासिकाच्या वाचकांचा नाही.

आपला विषय शाळेचा आहे, आणि येथे त्या वाक्यातील सर्वांत फसवा शब्द समोर येतो. तो ‘सर्व’ नव्हे. तो ‘आपला’.

समजा, मोशीच्या किंवा चाकणच्या एखाद्या शाळेतील वर्गशिक्षिका संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवर ‘सरल’चे किंवा ‘यू-डायस प्लस’चे काम करत बसल्या आहेत. २०१५ पासून महाराष्ट्रात प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद अशी संगणकावर होते. नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, आधार, पत्ता, पालकाचा फोन. या पट्ट्यात कामासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुले खूप. त्यांचे आधार जुळत नाही, जन्मतारीख चुकलेली असते, वर्षाच्या मध्येच शाळा बदलते. म्हणजे त्याच मुलाचे पान पुन्हा पुन्हा उघडावे लागते. आणि बाईंच्या ब्राउझरमध्ये त्यांच्या मुलाने कधीतरी व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी जोडलेले एक एक्स्टेन्शन आहे. त्या वेळी चौकटीने विचारले होते, ‘आपला डेटा’ वाचू का? पण सरलच्या पानावर बाईंचा डेटा कोठे आहे? तो चाळीस मुलांचा आहे. त्या मुलांना कोणी विचारले नाही, त्यांच्या पालकांना विचारले नाही, खरे तर बाईंनाही विचारले नाही. होकार देणारा, ज्याच्या संगणकावर दिला तो आणि ज्याची माहिती गेली तो, असे हे तीन निरनिराळे लोक. चौकटीच्या कर्त्याच्या डोळ्यांसमोर मात्र एकच माणूस होता : स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या संगणकावर, स्वतःची पत्रे वाचणारा. आपल्याकडे संगणक असा वापरला जात नाही. एक लॅपटॉप घरातले सगळे वापरतात, शाळेतला एक संगणक सगळे शिक्षक वापरतात.

यात आणखी एक गाठ आहे, ती फारशी कोणाला माहीत नसते. क्रोममध्ये गूगल खात्याने प्रवेश करून ‘सिंक’ चालू ठेवले, तर खुणा आणि पासवर्ड यांबरोबर एक्स्टेन्शनही एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात. घरी मुलाने जोडलेले एक्स्टेन्शन बाईंनी शाळेतल्या संगणकावर आपले खाते उघडताच तेथे हजर होऊ शकते. शाळेत चौकट दिसतही नाही, कारण होकार आधीच दिलेला आहे. अनेक शाळांत तर साऱ्यांसाठी एकच खाते असते!

संमती म्हणजे काय हे शिक्षकांना खरे म्हणजे इतरांपेक्षा चांगले कळायला हवे. ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी पालकांची लेखी संमती लागते, आणि ते संमतिपत्र पालकाच्या हातात देऊन सही घेण्याचे काम शाळांकडेच आले. कामावरून थकून आलेला बाप कागद न वाचता सही करतो हे त्यांनी पाहिले आहे. त्याच शिक्षकाने रात्री ब्राउझरच्या चौकटीत तसाच होकार द्यावा, यात त्याचा दोष फार नाही. दोन्हीकडे तारीख जवळ आलेली असते आणि मजकूर दुसऱ्या कोणाच्या सोयीने लिहिलेला असतो.

येथे कोणी म्हणेल की सरकारी व्यवस्थाच जेथे माहिती उघडी ठेवते तेथे एका एक्स्टेन्शनचे काय घेऊन बसलात. या म्हणण्यात तथ्य आहे. बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोड ज्या ‘दीक्षा’ ॲपकडे नेतात, त्याच्याविषयी ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ च्या अहवालात लिहिले की ते मुलांच्या नेमक्या ठिकाणाची माहिती गोळा करू शकत होते. जानेवारी २०२३ मध्ये ‘वायर्ड’ या नियतकालिकाने बातमी दिली की दीक्षाचा एक साठा इंटरनेटवर संरक्षणाविना उघडा राहिला होता. त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक व ईमेल पत्ते होते आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची नावे व शाळा. एका अर्थी ही घटना अधिक मोठी आहे. पण तेथे निदान जबाबदार कोण हे सांगता येते, प्रश्न विचारता येतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर खंडणी मागणाऱ्या विषाणूचा हल्ला झाला, तेव्हा निगडी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला आणि वर्तमानपत्रांत मथळे आले. कारण फाइली उघडेनात, हे लगेच दिसले. एक्स्टेन्शनमधून गेलेल्या माहितीचा आवाज होत नाही. मूळ माहिती जागच्या जागी असते, गेली ती नक्कल. तक्रार करायला कोणी जात नाही, कारण काही हरवलेलेच नसते.

चौकटीच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत. ब्राउझरला एक्स्टेन्शनचा हेतू कळू शकत नाही. मराठी टंकलेखनाच्या साधनाला कोणत्याही पानावरच्या कोणत्याही रिकाम्या जागेत अक्षरे घालायची असतात, म्हणून ‘सर्व वेबसाइट’ मागणे त्याला भागच आहे. जाहिराती अडवणाऱ्यालाही तेच. व्याकरण तपासणारे साधन आपला मजकूर दूरच्या सर्व्हरवर पाठवते, कारण तपासणी तेथे होते. चोर पाठवतो तेव्हाही ब्राउझरला ते तसेच दिसते. म्हणून मोठी परवानगी मागणारा प्रत्येक जण लबाड असे मानणे चूक ठरेल. पण मग त्या वाक्याचा उपयोग तरी किती उरला? चांगल्याविषयी आणि वाईटाविषयी ते एकच बोलते. प्रत्येक पिशवीवर ‘विष असू शकते’ असे छापले तर किराणा दुकानातून माणूस काय घेऊन जाईल? सगळेच घेऊन जाईल.

काही ठिकाणी ती उलटही चुकते. उघड्या टॅबची नावे पाहण्यापुरती परवानगी मागितली तरी चौकट सांगते की हे आपला ब्राउझिंगचा इतिहास वाचेल. साध्या कामाला भयंकर नाव. दुसरीकडे, बटण दाबल्यावर फक्त समोरच्या पानापुरती मिळणारी एक मर्यादित परवानगी आहे, ती घेताना चौकट काहीच सांगत नाही. ही दुसरी पद्धत उत्तम आहे. शब्दार्थ दाखवणाऱ्या किंवा पानाचे छायाचित्र घेणाऱ्या पुष्कळ साधनांचे काम तिच्यावर भागले असते. तरी कर्ते मोठी परवानगी मागतात, कारण लिहायला सोपे पडते आणि मागितली तर मिळते.

लोक वाचत नाहीत याचा पुरावा जुना आहे. ॲड्रिएन पोर्टर फेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अँड्रॉइड फोनवरील अशाच परवानग्यांचा अभ्यास केला. ॲप बसवताना परवानग्यांकडे लक्ष देणारे शंभरात सतरा निघाले, आणि त्यांचा अर्थ विचारणाऱ्या तिन्ही प्रश्नांची बरोबर उत्तरे देणारे फक्त तीन. वर्गातल्या शंभर मुलांपैकी तीन उत्तीर्ण झाली तर आपण मुलांना नापास करतो की प्रश्नपत्रिका तपासून पाहतो?

जाणकारही याला बळी पडतात. सायबरहेवन ही अमेरिकी कंपनी, माहितीची गळती रोखणारे एक्स्टेन्शन बनवणारी. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या सुमारास तिच्या एका कर्मचाऱ्याला गूगलच्या नावाने ईमेल आली की तुमचे एक्स्टेन्शन दुकानातून काढले जाणार आहे. ईमेलमधील दुवा दाबल्यावर एक परवानगीची चौकट आली, ती खरीखुरी गूगलचीच होती. परवानगी मागणारा मात्र चोर होता. कर्मचाऱ्याने होकार दिला. पासवर्ड चोरला गेला नाही, दुहेरी सुरक्षा शाबूत होती, तरी त्या होकाराच्या बळावर चोरांनी एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि ती एक दिवसभर लोकांच्या संगणकांवर आपोआप जात राहिली. ‘पासवर्ड कोणाला सांगू नका, ओटीपी देऊ नका’ एवढेच आपण शाळेत शिकवतो. येथे दोन्ही दिले गेले नव्हते.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. २०१८ पासून क्रोममध्ये एखाद्या एक्स्टेन्शनला सर्व वेबसाइटऐवजी ठरावीक वेबसाइटपुरते किंवा बटण दाबल्यावरच चालायला लावता येते. पण ही सोय बसवल्यानंतर शोधावी लागते, चौकटीत ती नाही. फाटकातून आत सोडल्यावर पास लिहिण्यासारखेच हे झाले. २०२१ पासून क्रोमच्या दुकानात प्रत्येक कर्त्याला आपण कोणती माहिती गोळा करतो हे जाहीर करावे लागते, परंतु ते त्याचे त्यानेच लिहायचे असते. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०२५ पासून नव्या एक्स्टेन्शनना एक अट घातली : माहिती गोळा करून बाहेर पाठवणार असाल तर ते मॅनिफेस्टमध्येच लिहा, म्हणजे बसवतानाच्या चौकटीत ते दिसेल. मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. ‘काय करता येईल’ याच्या जोडीला ‘काय करणार आहे’ हे प्रथमच चौकटीत आले. खोटे लिहिणारे लिहितीलच. पण खोटे लिहिले हे दाखवून देता येईल.

कायद्यातही हालचाल आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. त्या दिवशी शाळेच्या संगणकावरच्या ब्राउझरमध्ये काय काय बसलेले आहे, हे मुख्याध्यापकांना सांगता यायला हवे. आज किती जणांना सांगता येईल?

सहावी-सातवीच्या वर्गात करण्यासारखा एक उपक्रम सुचवतो. मुलांना घरून कारखान्याचा गेटपास कसा असतो हे विचारून यायला सांगावे. वडील, काका, शेजारी कोणीही सांगेल. त्याचे रकाने फळ्यावर लिहावेत. मग शाळेच्या संगणकावर ब्राउझरमधील एक्स्टेन्शनची यादी उघडावी, एकेकाचा ‘तपशील’ पाहावा आणि त्याच्यासाठी तोच पास भरून पाहावा. कोणी बसवले, कशासाठी, कोणत्या वेबसाइटसाठी, शेवटचे कधी वापरले. अर्ध्या वेळेला पहिला रकानाच भरता येत नाही, आणि मुले त्यावर फार मार्मिक बोलतात. शब्दार्थ दाखवणाऱ्याला बँकेचे पान कशाला पाहायला हवे, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला सुचतो. ज्याचा पास भरता येत नाही ते एक्स्टेन्शन तेथल्या तेथे मुलांसमोरच काढून टाकावे.

आणि सरल, यू-डायस किंवा शालार्थ यांचे काम असेल त्या दिवशी एवढे करावे : क्रोममध्ये ‘इनकॉग्निटो’ खिडकी उघडावी. ही खिडकी आपल्याला जगापासून लपवत नाही, तसा गैरसमज पुष्कळांचा असतो. पण आपण मुद्दाम परवानगी दिलेली नसेल तर तिच्यात एक्स्टेन्शन चालत नाहीत. मराठी टंकलेखनाचे साधन तेवढे तेथे मिळणार नाही; त्यासाठी विंडोजमधला मराठी कळफलक चालू करून घ्यावा, तो ब्राउझरच्या बाहेरचा असतो.